कार ऑक्टोबरात आली, सोलर जानेवारीत पूर्ण झालं, २०२५ चं क्रेडिट कशाकशाचं मिळणार?

मुक्काम_जर्सी:
मंडळी, २०२५ चा अमेरिकेतला टॅक्स भरायला बसलोय आणि डोकं आउट झालंय. जुलै २०२५ मध्ये तो नवा कायदा आला, ईव्ही, सोलर वगैरेंची टॅक्स क्रेडिटं (टॅक्समधून थेट वजा होणारी सूट) बंद होणार म्हटल्यावर सगळ्यांसारखी आमचीही पळापळ झाली आणि एकदम तीन उद्योग अंगावर घेतले. नवीन ईव्ही २७ सप्टेंबरला बुक केली, काँट्रॅक्टवर दोघांच्या सह्या झाल्या, ५०० डॉलर भरले, पण गाडी हातात आली १८ ऑक्टोबरला. क्रेडिट डीलरकडे ट्रान्सफर केलं नाही, रिटर्नमध्येच घेऊ म्हटलं. सोलरचे पूर्ण पैसे नोव्हेंबरात दिले, पॅनल ख्रिसमसच्या आधी छतावर चढले पण इन्व्हर्टरचा पत्ता नाही, तो आला आणि लागला ८ जानेवारीला, बॅटरीपण त्याच दिवशी. सेल्समन अजून म्हणतोय सर पैसे २०२५ मध्ये दिलेत ना, मग बिनधास्त क्लेम करा. हीट पंप (घर गरम-थंड करणारं यंत्र) मात्र नोव्हेंबरातच बसून चालू झाला, त्याचे ११ हजार गेले. त्यात बायकोचे आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे तिच्या नावावर झाले, म्हणून आमचं जॉइंट इन्कम या वेळी ३ लाख १२ हजार झालंय. एच-वन व्हिसावर आहोत त्याचा काही अडथळा येतो का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

आकडेमोड:
मी सीपीए (इकडचा सीए) नाही, पण दर फेब्रुवारीत मित्रांचे कागद माझ्याच डायनिंग टेबलवर येऊन पडतात, तेवढ्या अनुभवावर सांगतो. व्हिसाचा संबंध नाही, टॅक्स रेसिडेंट म्हणून १०४० (नेहमीचा रिटर्न फॉर्म) भरताय ना, मग झालं.

गाडीचं बघ. ३० सप्टेंबर २०२५ ही गाडी "घेण्याची" शेवटची तारीख होती, आणि आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) हिशोबात गाडी घेतली म्हणजे बंधनकारक लेखी करार झाला आणि त्यापोटी काहीतरी पैसे दिले, मग ते ५०० का असेनात. डिलिव्हरी नंतर झाली तरी चालते. त्यामुळे तू वाचलास. नुसतं ऑनलाइन रिझर्व्हेशन असतं आणि करार नसता तर गेलं असतं. इन्कमची लिमिट जॉइंटला ३ लाख आहे, पण गाडी घेतलेलं वर्ष किंवा त्याच्या आधीचं, दोन्हीपैकी कुठलंही एक लिमिटमध्ये असलं की पुरे. २०२४ चा एमएजीआय (लिमिटसाठी धरतात ते इन्कम) किती होता ते जुन्या रिटर्नमध्ये बघ, आरएसयूचं टेन्शन तिथेच संपेल कदाचित. एसयूव्ही असेल तर एमएसआरपी (कंपनीने ठरवलेली छापील किंमत) ८० हजारांच्या आत, सेदान असेल तर ५५.

आता वाईट बातमी. सोलरला बरोबर उलटा नियम आहे, तिथे पैसे कधी दिले याला कोणी विचारत नाही, इन्स्टॉलेशन पूर्ण कधी झालं ते बघतात आणि ते ३१ डिसेंबरच्या आत व्हायला हवं होतं. नुसतं युटिलिटीचं पीटीओ (वीज कंपनीची सिस्टिम चालू करायची परवानगी) जानेवारीत आलं असतं तर वाद घालायला जागा होती, कारण कायद्यात शब्द "इन्स्टॉलेशन पूर्ण" असा आहे, पीटीओ नाही. पण इन्व्हर्टरच नव्हता रे. इन्व्हर्टरशिवाय छतावरचे पॅनल म्हणजे काचा. सेल्समनचं काय जातंय, ऑडिट आलं तर सही तुझी आहे.

खिडकीपाशी:
+१. आमच्या ओळखीतल्या एकांचं याच्यावरूनच इन्स्टॉलरशी भांडण चालू आहे. काँट्रॅक्टमध्ये बघा काम अमुक तारखेपर्यंत पूर्ण करू असं लिहिलंय का, आणि त्यांनी क्रेडिट मिळेल असं ईमेलवर कबूल केलं असेल तर ते ईमेल जपून ठेवा, सोलरच्या खर्चाचे ३०% म्हणजे काही चिल्लर नाही.

हीट पंपचं मिळेल, पण ११ हजारांचे ३०% म्हणजे ३,३०० असं नाही, वरची मर्यादा २,००० आहे. लेबर धरता येतं त्यात. आम्ही खिडक्या बदलल्या तेव्हा मी लेबरसकट आकडा टाकला होता, नंतर कळलं की खिडक्या, दरवाजे, इन्सुलेशनला लेबर चालत नाही, फक्त मालाची किंमत. मग काय, सगळं परत. आणि युटिलिटीने हीट पंपवर रिबेट दिला असेल तर तो आधी वजा करा. २०२५ च्या फॉर्म ५६९५ वर उत्पादकाचा चार अक्षरी कोड मागतात, तो इनव्हॉइसवर नसतो बऱ्याचदा, कंपनीच्या साइटवर शोधा. हे क्रेडिट उरलं तर पुढच्या वर्षी नेता येत नाही, पण तुमच्या इन्कमला तो प्रश्नच नाही 😀

मुक्काम_जर्सी:
धन्यवाद दोघांना. सोलरचं मनात होतंच, पण कोणी स्पष्ट बोलत नव्हतं. २०२४ चं काढून बघितलं, २ लाख ८१ हजार! म्हणजे गाडीचं जमतंय.

आकडेमोड:
थांब, एक राहिलं. डीलरने गाडीचा टाइम-ऑफ-सेल रिपोर्ट आयआरएसच्या पोर्टलवर टाकलाय का? क्रेडिट ट्रान्सफर केलं नसलं तरी तो लागतोच, त्याशिवाय गाडीच्या क्रेडिटच्या फॉर्म ८९३६ मधला व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) त्यांच्याकडे जुळणार नाही. त्याची कॉपी तुला मिळायला हवी होती.

मुक्काम_जर्सी:
कागदांच्या गठ्ठ्यात नाहीये तो. उद्या सकाळी डीलरशिपला जाऊनच उभा राहतो.

रात्रपाळी:
जाताय तर हेही बघा, घरी चार्जर बसवलाय का? त्याचं क्रेडिट वेगळं आहे, ३०%, जास्तीत जास्त १,००० डॉलर, फॉर्म ८९११, आणि ते ३० जून २०२६ पर्यंत बसवलेल्यांनाच मिळतं. फक्त घर पात्र सेन्सस ट्रॅक्टमध्ये पाहिजे, म्हणजे कमी उत्पन्नाचा किंवा शहरी नसलेला भाग. आमचं घर रस्त्याच्या या बाजूला म्हणून नाही मिळालं, समोरच्यांना मिळालं.