भाच्याचा शाळेत ‘गे’ म्हणून छळ होतोय, घरी काहीच माहीत नाही. तक्रार कशी करू?

अनामिक मावशी (धागाकर्ती)

नमस्कार. मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

माझा भाचा १५ वर्षांचा आहे, नववीत शिकतो. तो गे आहे आणि हे त्याने आजवर फक्त मला सांगितलंय. माझ्या बहिणीला, मेव्हण्यांना यातलं काही माहीत नाही. “मी तयार झालो की मीच सांगेन, तू नाही सांगायचंस,” असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. बहीण प्रेमळ आहे. मेव्हणेही वाईट नाहीत, पण टीव्हीवर असा विषय निघाला की चॅनल बदलतात, आणि पोरगा ते बघत असतो.

शाळेत त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. तरी मुलांनी आपापलं ठरवून टाकलंय. आवाज मऊ आहे, मैत्री मुलींशी जास्त आहे, खेळाच्या तासाला मागे मागे राहतो, एवढं त्यांना पुरलं. ‘बायल्या’, ‘छक्का’ ही आता त्याची नावंच झाली आहेत. हजेरीला तो ‘हजर’ म्हणाला की मागच्या बाकांवरून बारीक आवाजात नक्कल होते. कपडे बदलायच्या खोलीत तो शिरला की बाकीचे ओरडत बाहेर पळतात. वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर त्याचा चेहरा एका नवरीच्या फोटोवर चिकटवून फिरवला. अंगावर कुणी हात टाकलेला नाही, त्यामुळे दाखवायला वळ नाही. एका शिक्षकांकडे तो स्वतः गेला होता. “जरा मुलासारखा वाग, आपोआप बंद होईल,” असं उत्तर मिळालं. त्यानंतर तो कुणाकडेच गेला नाही.

मुलगा बदललाय. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी पोटात दुखायला लागतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. रात्री झोप नाही. नाटकात काम करायचा, ते सोडलं. आणि हे लिहिताना मला फार त्रास होतोय: तो आरशासमोर चालायचा सराव करतो. हात किती हलतात, मान कशी वळते, हसताना आवाज कुठवर चढतो, सगळ्यावर त्याचा पहारा असतो. माझ्याशी बोलतानासुद्धा मध्येच हात मांडीखाली दाबून ठेवतो.

परवा सहज म्हणाला, “मी नसतो तर सगळ्यांनाच सोपं झालं असतं.” असं का म्हणतोस विचारलं तर “काही नाही गं” म्हणून विषय बदलला. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अडचण अशी आहे. तक्रार केली की शाळा आईवडिलांना बोलावणार. ते विचारणार, चिडवतात कशावरून? म्हणजे जी गोष्ट कधी सांगायची हे त्याने ठरवायचं, ती त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत चार परक्या माणसांसमोर कळणार. गप्प बसावं तर छळ चालूच राहणार. त्यात मी पडले मावशी, माझी तक्रार शाळा घेईल का तेही माहीत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

---

संवाद

ताई, मी शालेय मुलांचं समुपदेशन करते. तक्रारीचं नंतर बघू, आधी त्या वाक्याचं बघा, आणि ते आजच.

त्याला थेट विचारा. आडवळणाने नको. “तू म्हणालास ना, मी नसतो तर सोपं झालं असतं. तुझ्या मनात मरायचे, जीव द्यायचे विचार येतात का?” अगदी याच शब्दांत. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरेल अशी भीती खूप जणांना वाटते. तसं होत नाही. उलट मुलांचे खांदे सैल पडतात, कारण कुणीतरी तो शब्द उच्चारलेला असतो. तो ‘हो’ म्हणाला तर घाबरून उपदेश सुरू करू नका. कधीपासून, किती वेळा, कसं करायचं हे ठरवलंय का, तेही विचारा. ठरवलंय असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात न्या, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर त्याच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

दुसरं. तुम्ही दिलेलं वचन फक्त तो गे आहे याबद्दल आहे. त्याच्या जिवाबद्दल असं वचन देता येत नाही, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगा: “तुझी ती गोष्ट मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर तेवढं मी आईला सांगणार, आणि सांगण्याआधी तुला कळवणार.” बहिणीला ‘शाळेत त्याला भयंकर त्रास होतोय, तो खचलाय’ एवढं सांगायला तो गे आहे हे सांगावं लागत नाही. छळ, त्यातून आलेली निराशा आणि त्याचा लैंगिक कल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन मोठ्यांना कळायलाच हव्यात. तिसरी त्याची आहे.

---

खडू-फळा

‘संवाद’ यांना पूर्ण अनुमोदन. मी माध्यमिक शिक्षिका आहे, तक्रारीबद्दल लिहिते.

तो गे आहे की नाही हा तक्रारीचा विषयच नाही. तक्रार त्या मुलांच्या वागण्याबद्दल करायची. एखाद्या गे नसलेल्या मुलाला हेच सगळं झालं असतं तरी तो छळच ठरला असता. आणि अशा शिव्या खाणारी कितीतरी मुलं गे नसतातही. त्यामुळे अर्जात लिहा: अमुक तारखेला, अमुक तासाला, अमुक ठिकाणी, अमुक मुलांनी हे शब्द वापरले, समोर हे हे होते. शब्द जसेच्या तसे लिहा. ‘अश्लील बोलले’ असं मोघम लिहिलं की शाळा ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून मोकळी होते. ग्रुपवरच्या फोटोचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या आणि कुठे पुढे पाठवत बसू नका. “पण तो तसा आहे का?” असं कुणी विचारलंच तर उत्तर एकच: “त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.” बहीण-मेव्हण्यांनीही हेच उत्तर द्यायचं हे आधी ठरवून ठेवा.

अर्ज पालकांच्याच सहीने जावा, मावशीच्या अर्जावर शाळा हात वर करू शकते. तुम्ही बहिणीसोबत जा.

आणखी एक. शाळा बहुधा म्हणेल, दोघांना समोरासमोर बसवू, हात मिळवू, मिटवून टाकू. याला नाही म्हणा. डॅन ओल्वेउस या अभ्यासकाने नॉर्वेत या विषयाचा पाया घातला. त्याने छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हातात ताकद कमी असलेला. भांडण बरोबरीच्या दोघांत होतं, म्हणून तिथे समेट चालतो. इथे समेटाच्या खोलीत तो एकटा आणि समोर टोळी असेल, आणि बाहेर पडल्यावर दुप्पट वसुली होईल.

त्याची जागा, वर्ग, तुकडी बदलायचा तोडगाही नको. हलवायचं तर त्रास देणाऱ्यांना हलवा. आणि खरं काम बघ्यांवर करायला हवं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, त्याचा मुख्य भर बघ्यांवर आहे. नक्कल करणारा एक असतो, त्याला बळ देतात ते हसणारे वीस. हसू बंद झालं की नकलाकाराचा निम्मा जोर जातो. हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.

---

उत्तररात्र

मी गे आहे, चाळिशी ओलांडली आहे. तुमच्या भाच्यासारखाच मीही आरशासमोर चालायला शिकलो होतो.

बाहेरून बघणाऱ्याला शिव्या दिसतात. शिव्या दिवसातून दहा मिनिटं असतील, उरलेला सगळा दिवस स्वतःवर पहारा करण्यात जातो. कुठल्या जिन्याने गेलं तर ती मुलं भेटणार नाहीत, पाणी कमी प्यायलं तर स्वच्छतागृहात जावं लागणार नाही, कुठल्या मुलाकडे किती वेळ बघितलं तर कुणाच्या लक्षात येईल. गणित शिकवत असताना मी हे हिशेब करत असायचो. मार्क घसरले तेव्हा सगळे म्हणाले, अभ्यासात लक्ष नाही. इलान मेयर या संशोधकाने २००३ साली याच गोष्टीवर सविस्तर लिहिलं: अपमानाचा ताण वेगळा, अपमान होईल या सततच्या अपेक्षेचा ताण वेगळा, लपवण्याचा ताण वेगळा, आणि लोक म्हणतात ते स्वतःलाच खरं वाटायला लागण्याचा ताण वेगळा. शेवटचा सगळ्यात चिवट असतो. शाळा सुटते, तो सुटत नाही.

म्हणून त्याला मुद्दाम, शब्दांत सांगा की त्याच्यात बिघाड नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. त्या वयात मला या दोन तारखा कुणी सांगितल्या असत्या तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या असत्या.

आणि कुठलंही पाऊल टाकण्याआधी त्याला विचारा. शाळेत त्याच्या हातातून सगळं काढून घेतलं गेलंय. मदतही त्याला न विचारता झाली तर ते आणखी एक काढून घेणं ठरेल.

---

बापमाणूस

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. मूल १५ वर्षांचं आहे. इतकी मोठी गोष्ट मावशीला माहीत आणि जन्मदात्यांना नाही, हे योग्य आहे का? उद्या काही झालं तर बहिणीला काय तोंड दाखवणार? मी बाप आहे, माझ्या मुलाच्या बाबतीत असं लपवलेलं मला चाललं नसतं.

---

संवाद

@बापमाणूस, तुमची कळकळ समजते. काही झालं तर, हे तुमचं म्हणणं रास्त आहे, म्हणूनच धोक्याची गोष्ट आईवडिलांना सांगायचीच असं मी लिहिलं. पण तो गे असल्याचं त्याच्या वतीने दुसऱ्याने सांगणं यात जोखीम आहे, कारण घरची पहिली प्रतिक्रिया कशी येईल हे आपल्या हातात नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅटलिन रायन यांचा २००९ सालचा अभ्यास आहे. ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, नकार न मिळालेल्या किंवा फार कमी मिळालेल्यांपेक्षा आठ पटींहून जास्त आढळलं. दुसरीकडे ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, ज्यांना आयुष्यात एक तरी स्वीकारणारी मोठी व्यक्ती होती, त्यांच्यात गेल्या वर्षभरात असा प्रयत्न केल्याचं प्रमाण ४० टक्के कमी होतं. आज ती एक व्यक्ती मावशी आहे. तिच्यावरचा विश्वास उडाला तर त्या मुलाकडे काय उरतं?

---

बापमाणूस

आठ पट हे माहीत नव्हतं. मग एक करा, मेव्हण्यांना थोडं थोडं तयार करा. बातमी निघाली की चॅनल बदलू देऊ नका, चार शब्द तुम्ही बोला. बाप म्हणून सांगतो, आम्हाला वेळ लागतो, पण कुणीतरी आधी जमीन तयार केली तर बरं पडतं.

---

अनामिक मावशी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘बापमाणूस’, तुमचेही, खरंच.

त्याला थेट विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग रडला आणि म्हणाला की विचार येतात, पण कसं करायचं वगैरे ठरवलेलं नाही. तुम्ही लिहिलंय तसंच दोन्ही वचनं वेगळी करून सांगितली. आईला त्रासाबद्दल सांगायला तो तयार झाला, आणि कुठले शब्द सांगायचे ते त्यानेच ठरवले. बहिणीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तिने ‘कशावरून’ असं विचारलंच नाही, “नावं सांग त्या पोरांची,” एवढंच म्हणाली. औषधांच्या कपाटाला कुलूप लावलंय. अर्ज तिच्या सहीने तारखा-तपशिलांसह गेला. ‘मुलासारखा वाग’ हे उत्तरही त्यात लिहिलंय, शिक्षकांचं नाव मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं.

शाळेने ‘बघतो’ म्हटलंय. लेखी काहीच नाही. आणि एक समुपदेशक शोधायचे आहेत, पण ‘यातून बाहेर काढतो, नॉर्मल करतो’ म्हणणारे भेटले तर? कसं ओळखायचं?

---

संवाद

पहिल्या फोनवरच, मुलाला न नेता, विचारा: “गे मुलांबरोबर तुम्ही काम केलंय का? लैंगिक कल बदलता येतो असं तुम्ही मानता का?” दुसऱ्या प्रश्नाला ‘प्रयत्न करू’, ‘वयाचा परिणाम असतो’, ‘संगत बघावी लागेल’ अशी उत्तरं आली तर तिथेच थांबा. कल बदलायच्या उपचारांनी कल बदलत नाही, इजा मात्र होते. तो काय सांगेल ते आईवडिलांपर्यंत कितपत जाईल हेही आधीच विचारून घ्या, आणि पहिल्या भेटीत हे त्याच्या कानांवर पडू द्या.

---

खडू-फळा

‘बघतो’वर थांबू नका. आजच बहिणीच्या नावाने ईमेल पाठवा: “अमुक तारखेच्या भेटीत आपण कारवाई करू असं म्हणालात, काय कारवाई आणि कधीपर्यंत ते कळवावं.” म्हणजे तोंडी बोलणंही लेखी नोंदीत येतं. उत्तर आलं नाही तर तोच ईमेल शाळेच्या व्यवस्थापनाला, मग शिक्षण खात्याला.

शाळांना वाटतं यात आपलं काही अडकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जेमी नॅबोझनी या मुलाने वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आणि शाळेने काहीच केलं नाही. १९९६ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुढे ज्युरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं आणि सुमारे ९ लाख डॉलरवर तडजोड झाली. वेगळ्या देशाचा कायदा आहे, तो अर्जात लिहू नका. पण तिथे त्याच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा शाळेत जाऊन तक्रारी केल्या होत्या, म्हणून ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला शाळेला जागा राहिली नाही. तुमच्या प्रत्येक ईमेलचं काम तेच आहे.

आणि नाटकाच्या शिक्षकांशी बोलून बघा. तो परत यायला तयार असेल तर, आणि त्याला विचारूनच.