हॉवरमधला रोटर: थ्रस्ट जुळतो, पण टोकाचा भोवरा मध्येच विरतो

फिरतं_पातं:
काराडोना-टंगच्या १९८१च्या प्रयोगातला हेलिकॉप्टरचा रोटर हॉवरमध्ये (एका जागी तरंगताना) संगणकावर सोडवतोय. दोन पाती, नाका ००१२ (पात्याच्या छेदाचा आकार), पीळ नाही, त्रिज्या १.१४३ मी., कॉलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा सारखा कोन) ८°. स्लायडिंग मेश (रोटरबरोबर फिरणारी गणिताची जाळी), के-ओमेगा एसएसटी (टर्ब्युलन्स मॉडेल), सेकंड ऑर्डर अपविंड (समीकरणं सोडवायची पद्धत), पात्याखाली जाळीचे १ सें.मी.चे सेल. थ्रस्ट (रोटरचं उचलणारं बल) प्रयोगाच्या २ टक्क्यांत बसला, खूश होतो. मग क्यू-क्रायटेरियन (भोवरे दाखवणारं माप) काढून पाहिला, तर टोकाचा भोवरा पात्यामागे १२०° नंतर गायब! थ्रस्ट बरोबर येतोय, तर एवढं चालेल का?

सेलवाला:
मेश बारीक कर, विषय संपला.

जुना_रोटरवाला:
संपला कसा? सगळीकडे सेल निम्मा केलास तर संख्या आठपट होते, मशीन रडेल.

आधी भोवरा का लागतो ते बघ. दोन पाती, म्हणजे पुढचं पातं १८०° नंतर त्याच भोवऱ्यावरून जातं. भोवरा तोवर थोडा खाली आणि टोकाच्या आत सरकलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला हवा वर ढकलली जाते, आतल्या बाजूला खाली. तुझा भोवरा १२०° लाच मेला, मग पुढच्या पात्याला कळणार काय? टोकाशी लिफ्ट कमी, आत जास्त, बेरीज तेवढीच. प्रयोगात त्रिज्येच्या ०.५०, ०.६८, ०.८०, ०.८९ आणि ०.९६ वर दाब मोजलेत. ते जुळवून बघ, मग खूश हो.

आता मेश. कॉर्ड (पात्याची रुंदी) १९ सें.मी., भोवऱ्याचा गाभा साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे २ सें.मी. त्यात तुझे दोन सेल! आठ-दहा हवेत, पण फक्त भोवऱ्याच्या वाटेवरच्या पट्ट्यात. एसएसटी गाभ्यात उगाच एडी व्हिस्कॉसिटी (भोवरा विरवणारा टर्ब्युलन्सचा चिकटपणा) साठवतं, रोटेशन करेक्शन चालू कर. आणि नुसत्या हॉवरला स्लायडिंग मेश कशाला? पात्याबरोबर फिरत्या चौकटीत स्टेडी (काळानुसार न बदलणारं) सोडव, पिरिऑडिक अर्धं डोमेन (एकाच पात्याचा भाग, दुसरं तसंच धरून) पुरतं. (फॉरवर्ड फ्लाइटला ही सवलत नाही. तिथे १° फिरण्याएवढी टाइम स्टेप घेतलीस तर टोक एका उडीत २ सें.मी. जातं, अख्खा गाभाच ओलांडतं.)

फिरतं_पातं:
दाब काढले. ०.९६ वर सक्शन कमी, ०.८० वर जास्त. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. अर्धं डोमेन आणि २ मि.मी.चा पट्टा घेऊन रन लावलाय.

जुना_रोटरवाला:
थ्रस्ट स्थिर झाला म्हणून रन थांबवू नकोस. खालचा वेक (रोटरखालचा भोवऱ्यांचा प्रवाह) बसायला त्याहून वेळ लागतो.