औषध प्रशासनाच्या कामगिरीवर लक्ष कोणी ठेवायचे?

मूळ मत
२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या ‘कोल्ड्रिफ’मध्ये तेथील सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार उत्पादनाचा परवाना प्रामुख्याने राज्य देते आणि कारखान्याची तपासणीही मुख्यतः राज्याचेच निरीक्षक करतात. पण ते निरीक्षक कारखान्यात खरोखर जातात का, हे पाहणारे वर कोणीच नाही. याच कायद्याच्या कलम ३३पी नुसार केंद्राला राज्यांना निर्देश देता येतात. त्या आधारे केंद्राने प्रत्येक राज्याच्या औषध प्रशासनाची दरवर्षी झडती घ्यावी आणि रिक्त पदे, तपासण्या, नमुन्यांचे अहवाल यायला लागलेले दिवस व न्यायालयात टिकलेले खटले यांचा तपशील प्रसिद्ध करावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
आपली तळमळ समजते, तरीही मी असहमत आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनातील भ्रष्टाचाराबरोबरच मंत्र्यांचा हस्तक्षेपही उघड झाला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. म्हणजे ज्याने लक्ष ठेवायचे, तोच कारवाईच्या आड येत होता. देखरेखीचे अधिकार आणखी एका मंत्रालयाकडे गेल्याने दडपण कमी होणार नाही. आयुक्ताला निश्चित मुदत द्यावी आणि त्याला थेट विधिमंडळाच्या समितीपुढे उत्तरदायी करावे.

प्रतिसाद २
स्वायत्ततेवर इतका विश्वास मला ठेवता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेत डॉक्टरांनीच निवडून दिलेले बहुसंख्य सदस्य होते. २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि सरकारला परिषद बाजूला सारून संचालक मंडळ नेमावे लागले. अखेर २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. संस्था सडल्यावर तिला हटवण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावाच लागतो, आणि तो लोकांनी निवडलेल्या सरकारकडेच असू शकतो.

मूळ लेखकाचे उत्तर
आयुक्ताच्या निश्चित मुदतीची सूचना मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की परवाना निलंबनाला स्थगिती देणाऱ्या मंत्र्याने कारणे लेखी नोंदवून ती त्याच आठवड्यात जाहीर केली पाहिजेत. मात्र विधिमंडळाच्या समितीसमोर आकडेच नसतील, तर ती विचारणार काय? म्हणून वार्षिक झडतीचा आग्रह मी सोडत नाही.

प्रतिसाद १
आणि केंद्राची झडती कोण घेणार? २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची कागदपत्रे तपासली, तेव्हा काही नव्या औषधांना भारतीय रुग्णांवरील चाचण्यांविनाच मंजुरी मिळाल्याचे दिसून आले. ही संघटना आरोग्य मंत्रालयाच्याच अखत्यारीत होती. तरी चूक चव्हाट्यावर आणली ती संसदेच्या समितीने.