पाय टेकू लागले, म्हणजे तान्ह्या बाळाची कार सीट लहान झाली का?

प्रश्न: आमची मुलगी दहा महिन्यांची असून वजन 9 किलो आहे. हँडलच्या कार सीटमध्ये ती गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसते, पण आता तिचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकून दुमडतात. सासूबाईंचे म्हणणे, पोर अवघडते, तिला पुढे तोंड करून बसवा. सीटवर मर्यादा 13 किलोची आहे. तोवर थांबावे का?

उत्तर 1: पाय दुमडणे हे सीट लहान झाल्याचे लक्षण नव्हे, मुले खुशाल मांडी घालून बसतात. मात्र केवळ वजनावरही विसंबू नये, कारण बहुधा उंचीच आधी आड येते. पट्टे नीट आवळून तिच्या डोक्यावर वही आडवी धरा आणि सीटच्या कवचाची वरची कड तिच्यापेक्षा किती वर राहते ते पाहा. अनेक कंपन्या किमान 2.5 सेंटिमीटर जागा मागतात; आपल्या सीटच्या माहितीपुस्तिकेतला नियम अंतिम मानावा.

उत्तर 2: सीट लहान झाली तरी तोंड पुढे वळवण्याची घाई नको. तान्ह्या मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. समोरून धडक बसल्यास उलट्या (मागे तोंड केलेल्या) सीटचे कवच तो जोर पाठीवर विभागून घेते. युरोपातील आर129 या मुलांच्या कार सीटच्या नियमानुसार 15 महिन्यांपर्यंत असेच बसवणे बंधनकारक आहे. यानंतर नवी सीट घ्याल ती दोन्ही दिशांना बसणारी घ्या, आणि आधी उलटीच लावा. सासूबाईंना हे शांतपणे समजावणे, हे मोजमापापेक्षा अवघड काम आहे, याची कल्पना आहे!

उत्तर 3: मोजताना जाड स्वेटर काढा, नाहीतर पट्टे घट्ट झाल्याचा भास होतो.