नोंदणी म्हणजे जागावापराची परवानगी नव्हे
'घरातून चालवतो त्या व्यवसायाची नोंदणी आहे, कर भरतो, मग शेजाऱ्यांची तक्रार का?' हा तुमचा प्रश्न. चिडचिड समजते, पण नोंदणी वेगळी आणि जागेचा वापर वेगळा. निवासी झोनमध्ये, म्हणजे राहण्यासाठी राखलेल्या भागात, साधारणपणे बघतात ते हे, की घर मुख्यतः राहण्यासाठीच आहे का आणि व्यवसाय दुय्यम आहे का. दाराआड हिशेब लिहिणाऱ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. तंटा पेटतो तो जिन्यात साचलेल्या खोक्यांवरून, फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या टेम्पोवरून. आणि हो, परवानगी मिळाली तरी इमारतीचे नियम किंवा भाडेकरार आड येऊ शकतो, तो आधी वाचा. नोटीस आली असेल तर कृपा करून गप्प बसू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, जिना मोकळा केल्याचे तारखेसह फोटो जोडा.