२३ महिन्यांच्या मुलाला घेऊन गुलमर्ग : स्कीइंगचं जमेल का?

कंदीपेढा :
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून निघायचं म्हणतोय. आम्ही दोघं, सासूबाई (६१, बीपीची गोळी चालू) आणि मुलगा. निघताना तो २३ महिन्यांचा असेल, परतीच्या आदल्या दिवशी दोन वर्षं पूर्ण. हातात सहा दिवस. आम्हा दोघांनाही स्कीइंग शिकायचंय. मुक्काम श्रीनगरला ठेवावा की वर गुलमर्गला? गंडोलात (तिथल्या केबल कारमध्ये) त्याला न्यावं का? कपडे आणि जेवणाचं काय? उत्तराखंडातल्या औलीचाही विचार चाललाय.

उणे_सात :
औली सोडा. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण २५० किमी घाटरस्ता, पूर्ण दिवस जातो. शिवाय जोशीमठची जमीन खचल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, जोशीमठ-औली रोपवे बंद पडलाय. लहान मूल गाडीत इतका वेळ बसणार नाही.

गुलमर्गचे दिवस असे लावा. पहिली रात्र श्रीनगरला (सुमारे १,५८५ मी.), दुसऱ्या दिवशी दुपारी वर (सुमारे २,६५० मी.), तिसरा-चौथा दिवस पूर्ण, पाचव्या दिवशी जेवून खाली, सहाव्या दिवशी विमान. विमानाच्या दिवशी सकाळी गुलमर्गहून निघायचा हिशेब करू नका. रात्री बर्फ पडला की खालच्या टंगमर्ग गावापर्यंतचा १३ किमी रस्ता साखळ्या लावलेल्या गाडीशिवाय उतरत नाही.

म्हणजे स्कीइंगला अडीच दिवस. दोघांनी एकदम शिकायला जाऊ नका. सकाळी दोन तास एकाने, दुपारी दोन तास दुसऱ्याने. नवशिक्याचे पाय दोन तासांत भरून येतात आणि थकल्यावरच गुडघा पिरगळतो, त्यामुळे हा तोटा वाटतो तेवढा नाही. सगळं पोर सासूबाईंवर टाकू नका. २,५०० मीटरच्या वर त्यांनाही पहिल्या दिवशी धाप लागू शकते. बीपीच्या डॉक्टरांना आधी विचारा.

गंडोला दोन टप्प्यांत आहे. पहिला कोंगडोरीपर्यंत, ३,०८० मीटरच्या आसपास. मूल खेळतंय-खातंय असं दिसलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यायला हरकत नाही, अर्ध्या तासात खाली या. दुसरा टप्पा अफरवटचा, ३,९०० च्या वर. तिथे मुलाला अजिबात नेऊ नका. 'डोकं दुखतंय' हे त्याला सांगता येत नाही. उगाच किरकिर, दूध-जेवण नको, उलटी, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची लक्षणं वर पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत दिसली तर दात येतायत असं समजून बसू नका, श्रीनगरला उतरा. उंचीच्या त्रासावरची गोळी मनाने देऊ नका. गंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा.

विमानाचं : वय प्रवासाच्या तारखेला मोजतात. जाताना तो मांडीवर, येताना त्याला स्वतःची सीट. जन्मदाखला हातातल्या बॅगेत असू द्या. आणि काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, एक तरी फोन पोस्टपेड हवा.

वेण्णाकाठ :
कपड्यांबद्दल. सर्वांत आत सुती बनियन नको. घाम किंवा लघवीने ओलं झालं की ते थंडगार पडून अंगाला चिकटतं. आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारा एकसंध सूट. तुमच्यापेक्षा त्याला एक थर जास्त, कारण तुम्ही चालता, तो कॅरिअरमध्ये नुसता लटकलेला असतो. हातमोजे बोटांचे नकोत, पिशवीसारखे घ्या आणि दोरीने बाहीला बांधा. बुटात दोन मोजे कोंबू नका, पाय आवळला की रक्त कमी फिरतं. दर २० मिनिटांनी मान आणि पोट हाताने बघा. हाताची बोटं गार असतातच, पोट गार लागलं तर आत जा. गालावर किंवा नाकावर पांढरट मेणासारखा डाग दिसला तर चोळू नका, तुमचा उबदार तळवा नुसता टेकवून धरा आणि आत न्या.

बर्फावरून ऊन परत उसळतं. त्यामुळे कडेने झाकणारा, पट्ट्याचा गॉगल घ्या आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. खोबरेल तिथे दगड होतं, मालिशला बदाम तेल न्या. कापडी लंगोट वाळत नाहीत, डायपर घरच्यापेक्षा जास्त मोजून न्या.

सगळं घातल्यावर डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावावर अर्धा तास फिरवा. कानटोपी डोळ्यांवर येते, चेन हनुवटीला टोचते हे तिथेच कळेल.

मेतकूट_भात :
गुलमर्गला पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. किटलीत डाळ-तांदूळ टाकून खिचडी होत नाही, तांदूळ कचकचीत राहतो. दीड लिटरचा कुकर न्या किंवा (मला हेच सोपं वाटतं) घरूनच तांदूळ आणि मूगडाळ ३:१ भाजून रवाळ दळून न्या. चार चमचे पिठाला दीड वाटी गरम पाणी, ढवळत दहा मिनिटं शिजवलं की तुपासकट पेज तयार. नाचणी सत्त्व, मेतकूट आणि भाजलेला रवाही ठेवा.

एक गंमत : घट्ट झाकण लावलेली दुधाची बाटली वर नेली की आतली हवा दाबाखाली असते. झाकण फिरवल्या-फिरवल्या निपलमधून दूध पिचकारीसारखं तोंडावर येतं. आधी झाकण अर्धं सैल करून 'फुस्स' आवाज येऊ द्या. विमानात उतरताना घोट-घोट दूध-पाणी पाजत राहा, कान बसत नाहीत.

सांगलीची_हळद :
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त खोलीच्या गरमीचं राहिलं. कांगडी (निखारे भरलेलं काश्मिरी मडकं), कोळशाची शेगडी, बिनधुराड्याचा गॅस हीटर यांपैकी काहीही बंद खोलीत झोपताना चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बुकिंगआधी हॉटेलला एवढंच विचारा : सेंट्रल हीटिंग आहे का, आणि वीज गेल्यावर जनरेटरवर ते चालतं का? इलेक्ट्रिक ब्लँकेटवर मुलाला झोपवू नका. टॅक्सीत कार सीट मिळत नाही, घरची न्या. बसवताना फुगीर जॅकेट काढून पट्टा आवळा, जॅकेट वरून पांघरा. नाहीतर पट्टा सैल राहतो.

कंदीपेढा :
खूप आभार. त्याला पाठीवर घेऊन आमच्यापैकी एकाने हळूहळू स्की केलं तर?

उणे_सात :
नाही. नवशिक्या मागेच पडतो, म्हणजे मुलावर. हेल्मेट घालूनही मान झटकतेच. त्याचं स्कीइंग तीन-चार वर्षांनंतर. आत्ता सपाट बर्फावर प्लास्टिकची स्लेज, दोरी तुमच्या हातात, जवळपास झाड नाही अशी जागा. वीस मिनिटांनी आत.