हिशेबाचा नियम कुठं ठेवता? कोल्हापूरकर डेव्हलपरांचे अनुभव

कोल्हापुरात सॉफ्टवेअर म्हटलं की गिऱ्हाईक ठरलेलं: दूध संस्था, साखर कारखाना, शिरोलीची फाउंड्री, नाहीतर हुपरीचा चांदीवाला. सगळीकडं खाली डेटाबेस, वर जावा किंवा डॉटनेटचे क्लास (डेटा आणि त्याचे नियम एकत्र बांधलेले कोडचे तुकडे), आणि भांडण एकच. बिझनेस लॉजिक, म्हणजे हिशेबाचे नियम, स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड), ऑब्जेक्टमध्ये (म्हणजे या क्लासमध्ये), की मधल्या सर्व्हिस लेयरमध्ये (कामाच्या पायऱ्या चालवणारा कोड)? पुस्तकी उत्तर नको. तुमच्याकडं काय होतं, काय हलवलं आणि का, तेवढं लिहा. सुरुवात मी करतो.

आमचं काम दूध संकलनाचं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सांगतं, दरपत्रकात बघून लिटरचा दर लागतो. म्हशीला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ, गाईला 3.5 आणि 8.5 हा पाया. त्यापासून वर-खाली गेलं की पॉइंटनं दर बदलतो. हे सगळं एका प्रोसिजरमध्ये होतं, इफच्या पोटात इफ. दहा दिवसांच्या बिलाच्या मधेच दर बदलला की ती उघडायला धजणारा माणूस एकच, आणि तो नेमका जोतिबाला गेलेला! आता 'दरपत्रक' नावाचा क्लास आहे. तारीख, गाय की म्हैस, फॅट, एसएनएफ द्या, तो दर देतो. टेस्ट चालवायला डेटाबेस लागत नाही. संस्थेच्या सेक्रेटरींच्या वहीतली उदाहरणंच आम्ही टेस्ट म्हणून घातली. दराचे आकडे मात्र टेबलातच, 'कधीपासून लागू' या तारखेसकट. दर चार आण्यानं वाढला म्हणून नवा बिल्ड (प्रोग्रॅमची नवी आवृत्ती) कोण काढणार?

ऊसकरी
मी जुना पीएलएसक्यूएलवाला (ओरॅकल डेटाबेसमध्ये प्रोसिजर लिहायची भाषा), म्हणून उलट बाजू मांडतो. ऊसबिलात एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर), तोडणी-वाहतुकीची कपात, सोसायटीची वसुली. कायद्यानं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. एका कारखान्यात नव्या टीमनं हे सगळं ऑब्जेक्टमध्ये नेलं. डिझाइन देखणं होतं, खोटं कशाला बोला. पण पंधरवड्याचं बिल काढताना ओआरएम (ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणारी लायब्ररी) प्रत्येक शेतकऱ्यामागं डेटाबेसला एक क्वेरी मारायचं आणि त्याच्या प्रत्येक खेपेमागं आणखी एक. संध्याकाळी लावलेलं बिल सकाळच्या चहालाही चालूच. शेवटी बेरजा आणि कपाती परत एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, आल्या. मुदत आणि व्याज क्लासमध्येच राहिलं, कारण ते एकेका बिलाचं बघायचं असतं.

शिरोली नाका
आमच्या आधीच्यांनी स्टॉक कमी करणारा ट्रिगर (टेबलात नोंद झाली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लिहून ठेवला होता. नंतरच्यांनी तेच सर्व्हिसमध्येही लिहिलं. कास्टिंगची एक गाडी बाहेर पडली की स्टॉक दोन गाड्यांनी कमी. क्लास वाचून काहीच कळत नव्हतं, कोड तर बरोबरच होता की! तेव्हापासून आमच्याकडं ट्रिगर फक्त ऑडिट लॉगला (कुणी कधी काय बदललं त्याची नोंद).

काटापावती
ट्रिगर नको म्हणा, पण कन्स्ट्रेंट (टेबलावरच घातलेली अट) तरी सोडू नका. वजनकाट्यावर 'हा पावती नंबर आधी आलाय का' हे कोड बघायचा आणि मग टेबलात नोंद इन्सर्ट करायचा. दोन खिडक्यांवर एकदम बटण दाबलं. दोघांनाही 'नाही' उत्तर मिळालं आणि एकाच नंबरच्या दोन पावत्या पडल्या. क्लासमध्ये कितीही चेक घाला, एकाच वेळी चाललेल्या दोन ट्रान्झॅक्शनमधली (डेटाबेसच्या व्यवहारांमधली) ही फट तिथून बुजत नाही. युनिक कन्स्ट्रेंट (एक नंबर एकदाच) लावला, विषय संपला. शिवाय कुणीतरी एक्सेल घेऊन थेट टेबलात डेटा ओततोच, त्यालाही तो अडवतो.

चपलांचं बिलिंग
आमच्यात टॅक्सचं गणित बटणाच्या क्लिकमध्ये! 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा बघितलं तर स्क्रीनचं सूत्र वेगळं, छापील बिलाचं वेगळं, रिपोर्टचं तिसरंच. महाराष्ट्रात सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वेगळा टॅक्स), कर्नाटकात निपाणीला माल गेला की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा एकच टॅक्स), हा फरक तीन ठिकाणी घालायचा. राउंडिंगही तिन्हीकडं निराळं, त्यामुळं बिल आणि खतावणीत पैशांचा फरक. आता 'बिल' हा क्लासच टॅक्स काढतो आणि आलेली रक्कम सेव्ह करून ठेवतो. छपाई आणि रिपोर्ट ती नुसती वाचतात. एवढ्यानं निम्मे फोन बंद झाले.

धागाकर्ता
@ऊसकरी, बिलाचा वेग मान्य. पण त्या प्रोसिजरची टेस्ट कशी करता?

ऊसकरी
यूटीपीएलएसक्यूएल आहे की ओ, पीएलएसक्यूएलच्या टेस्टचं टूल. टेस्ट लिहिता येतात. आमच्याकडं कुणी लिहीत नाही, ही गोष्ट वेगळी.